घुबडानं कोणाकडं पाहिलं

संपतच्या गोठ्यासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. निमगाव सावाच्या शिवारातली ती चाळीस घरांची वस्ती, पण त्या संध्याकाळी आसपासच्या गावांतूनही माणसं आली होती. मधोमध चौरंगावर बदामी तोंडाचं पांढुरकं घुबड होतं, पायाला दोरा बांधलेलं. शेजारी चांगदेवबाबा.

"ही लक्ष्मीची नजर हाय!" बाबा गरजले. "संपतच्या तीन गाईंनी गाभ टाकला. करणी ज्यानं केली, त्याच्याकडं ही बघणार म्हंजी बघणार! घ्या देवीचं नाव, हळू आवाजात!"

लोक नाव पुटपुटू लागले. बाबांचा चेला गोकुळ धूप घेऊन गर्दीतून फिरू लागला. तो धोंडाबाईच्या मागे पोचला आणि घुबडानं गर्रकन मान फिरवून तिच्याकडंच पाहिलं.

बायका किंचाळून बाजूला झाल्या. दोन म्हशींवर पोट भरणारी ती एकटी बाई नुसतं एवढंच म्हणाली, "मी काय केलंय वो?"

दुसऱ्या दिवसापासून डेअरीवर तिचं दूध घेईनात.

मी विज्ञानाचा शिक्षक. समोरच उभा होतो. युक्ती मला तिथंच कळली होती, तरी मी गप्प राहिलो.

त्याचं कारण सांगायला आजही जड जातं. पक्षी पाहणाऱ्यांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप मीच चालवतो. पडक्या विहिरीच्या कपारीत गव्हाणी घुबडाचं घरटं दिसलं, तेव्हा मी फोटो टाकला, सोबत नकाशावरची नेमकी जागा. वर व्हिडिओही टाकला, मोबाईलवर उंदराची चिरचिर लावली की घुबड कसं तिकडं वळतं त्याचा. "लई भारी, सर!" असं पहिलं उत्तर गोकुळचंच होतं. बोललो असतो, तर आधी मलाच विचारलं असतं, हे शिकवलं कुणी?

चौथ्या दिवशी अमरीनचा फोन आला. ती जुन्नरची, जनावरांची डॉक्टर, ग्रुपवर नेहमीची.

"सर, संपतभाऊंच्या गाईंच्या रक्ताचा रिपोर्ट आलाय. साथीचा रोग आहे, करणी नाही. आणि घुबडाचं... तो व्हिडिओ तुमचाच ना?"

"हो."

"मग मी एकटीनं कशाला यायचं?"

संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. बाबांची दुसरी बैठक भरली होती, धोंडाबाईला वस्तीबाहेर काढायचं ठरत होतं. अमरीननं आधी रिपोर्ट वाचून दाखवला. कुणी ऐकेना.

"रिपोर्ट खोटा आसंल, पण देवीची नजर?" संपत म्हणाला.

मी पुढं झालो. खिशातल्या मोबाईलवर चिरचिर लावली. घुबडानं माझ्याकडं पाहिलं.

"बघा, करणी मी केली!" मी म्हणालो. मोबाईल बाबांच्या आसनाखाली सरकवला. घुबड मान वाकडी करून बाबांकडं टक लावून बघू लागलं.

"आता बाबांनी केली!"

कुणीतरी खुदकन हसलं. संपतनं गोकुळची झोळी ओढली. धुपाच्या पुडीखाली एक मोबाईल निघाला, त्यात तीच चिरचिर भरलेली होती.

"घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत," अमरीन म्हणाली. "म्हणून आवाज येईल तिकडं ते अख्खी मान वळवतं. त्याला भूक कळते, पाप-पुण्य नाही."

बाबांना पोलिसांनी नेलं, घुबड वनखात्याकडं गेलं. गोकुळनं ते माझ्याच विहिरीवरच्या घरट्यातून धरलं होतं; मी तिथं गेलो तेव्हा कपारीतली चारही पिल्लं उपाशी मेलेली होती.

मग मी धोंडाबाईकडं गेलो. घरटं, व्हिडिओ, सगळं सांगितलं. ती म्हशीपुढं कडबा टाकत होती.

"मास्तर, तुमाला पयल्याच दिवशी ठावं व्हतं?"

"होतं."

"मग चार दिस मी कुणाची करणी भोगली?"

ग्रुपवर आता कुणी घरट्याची जागा टाकत नाही, तो नियम मीच केला. पण मला सांगायचंय ते याहून साधं आहे. चमत्कार दिसला की आवाज कुठून येतोय ते शोधा. आणि सापडलं, तर त्याच मिनिटाला बोला, त्यात तुमची चूक उघडी पडली तरी.