करपलेल्या झाडांचे टोमॅटो

"टाकायचे कशाला? चर्चच्या शिधाकोठीत देऊन येतो. गरिबांची सोय होईल, आपल्याला करात सवलत मिळेल," ऑरिन टॅकेट बायकोला म्हणाला. अमेरिकेतल्या केंटकीच्या त्या डोंगराळ भागात ऑक्टोबरचं दंव गोठलं होतं आणि त्याची टोमॅटोची झाडं काळी पडली होती; फळं तेवढी शाबूत होती.

व्हर्नाने चाकू खाली ठेवला. "ताजे खाल्ले तर ठीक. पण असल्या झाडांचे टोमॅटो मी हिवाळ्यासाठी हवाबंद बरणीत भरत नाही. आंबटपणा उतरलेला असतो, बरणीत विष धरतं. तिथे सांगशील ना?"

"सांगतो की."

सांगितलं मात्र नाही. सांगितलं असतं तर मालाची किंमत कमी धरली असती, सवलतही घटली असती. कोठी सांभाळणाऱ्या मॉडीनने विश्वासाने पूर्ण भावाची पावती लिहून दिली आणि ऑरिन शीळ घालत घरी आला. माणूस काही वाईट नव्हता हो, पण पुण्यही हवं आणि सवलतही, म्हणजे दोन्ही हातांत लाडू!

त्यातले थोडे टोमॅटो मिस एफींच्या वाट्याला आले. तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. ऑरिनचीही शाळेत ने-आण त्यांनीच केली होती. तिथल्या बायका करतात तेच त्यांनी केलं. टोमॅटो उकळून बरण्या भरल्या आणि हिवाळ्याची काळजी मिटली म्हणून निवांत झाल्या.

नोव्हेंबरात त्या दवाखान्यात होत्या. आधी पापण्या मिटू लागल्या, मग घास गिळेना, शेवटी श्वासासाठी यंत्र लावावं लागलं. विष बरणीतलंच निघालं.

मॉडीन थेट ऑरिनच्या खळ्यावर आली. "खरं सांग, झाडं दंवाने गेलेली होती का?"

"होती. मग? टोमॅटो कुजके नव्हते. कायदा कुठे मोडला मी?"

"कायद्याचं राहू दे. व्हर्नाने भरल्या का त्या टोमॅटोंच्या बरण्या?"

"नाही. ती असल्या झाडांचे भरत नाही."

"म्हणजे स्वतःच्या घरात चालत नाही हे ठाऊक होतं तुला. अरे, शेतातला माल वाया जाऊ नये, भुकेल्याच्या मुखी लागावा, म्हणून सरकारने ही सवलत ठेवली. तू एक वाक्य बोलला असतास तर मी पेटीवर चिठ्ठी लावली असती. एवढंही तोंड उघडवलं नाही तुझ्याने?"

ऑरिन तडक दवाखान्यात गेला. मिस एफींची फक्त बोटं हलत होती. त्यांनी खुणेने पाटी मागितली आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, 'मीच नीट उकळले नसतील. तुझा चांगला माल नासवला. माझ्यामुळे कोठीला देणं थांबवू नकोस.'

ऑरिनला हुंदका आवरेना. "मिस एफी, तुमची काही चूक नाही. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

अर्धवट मिटल्या पापण्यांतून त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने पाटी पुन्हा पुढे धरली, पण त्यांनी खडू उचलला नाही.

ती पावती ऑरिनने परत केली. आता त्याच्या प्रत्येक पेटीवर माल कसा आहे ते स्पष्ट लिहिलेलं असतं. मिस एफी जानेवारीत गेल्या.

मंडळी, सवलत जरूर घ्या, तुमच्या घामाचा तो हक्क आहे. पण जे आपल्या घरात चालत नाही, ते न सांगता दुसऱ्याच्या ताटात वाढलं, तर त्याला दान म्हणू नका.