अंतोनबाबाचा लाल झगा

बसा हितं, पान घ्या. गोजाबाईनं संत पान्यात कसा बुडवला त्ये सांगतो. हसायचं तितकं हसा, पर शेवटपतुर ऐका.

गोजाबाईनं हंडा गळ्यापतुर भरला, अंतोनबाबाला दोनी हातांनी उचललं आनि सरळ उभा आत सोडला. वरनं ताट झाकलं. ताटावर पाटा ठेवला.

"ऱ्हा आता तितं," ती म्हनाली. "माझा मानूस घरी आला की काडते."

अंतोनबाबा म्हंजे आमा किरिस्तावांचा संत अंतोनी. हरवलेलं हुडकून देनारा. मिशनच्या खोलीतली त्याची हातभर मूर्ती त्याच्या सनाच्या आदी घरोघर मुक्कामाला जायाची. त्या साली ती सोलापुरात भवानी पेठेत गोजाबाईकडं आली, आनि नेमका तवाच तिचा नवरा सिदू घर सोडून गेलेला.

त्याचं असं झालं. सिदू सूत रंगवायच्या कारखान्यात. कोपरापतुर हात कायम लाल, न्हाईतर निळं. सांजचा दमून घरी यायचा, तर गोजाबाई मिशनच्या खोलीत चटईवर, प्रार्थनेला. तितं गुरुलिंग मास्तर रोज एका संताची गोष्ट सांगायचा, शुभवर्तमानातलं चार ओळी वाचायचा, आनि आज दिवसभर आपन कसं वागलो त्ये ज्याला त्याला मनात इचारायला लावायचा. गोजाबाईला त्याचा लई नाद. आली की भाकरी थापता थापता समदं सिदूला ऐकवायची.

"रोज तुझा एक संत," सिदू एकदा म्हनला, "आनि रोज माझ्या पोटात कावळं. तुला संत पायजे का मी?"

"संत रोज नवा येतो," गोजाबाई म्हनाली. "तू रोज त्योच."

ती हसत म्हनाली हुती की. सिदू हसला न्हाय. सकाळी घोंगडं खांद्यावर टाकलं आनि मंगळवेढ्याला भावाच्या मेंढरांकडं गेला, त्यो तिकडंच.

मास्तर म्हनला, नवेना कर, नऊ दिसांची प्रार्थना, आनि धीर धर. गोजाबाईनं नवेना केली. धीर काय तिला जमला न्हाय. तिची आई हट्टाला पेटली की घरचं देव पान्यात ठेवायची, काम झाल्याबिगर भाईर काडायची न्हाय. पर आईचं देव पितळंचं. अंतोनबाबा प्लास्टरचा.

सनाच्या सकाळी मास्तर मूर्ती न्यायला आला. गोजाबाईनं पाटा सरकवला, ताट उचललं. पानी चहावानी झालेलं. आतनं अंतोनबाबा निघाला पांढराफेक. तपकिरी झगा समदा धुतला गेला, पायाची बोटं इरघळली. नाक हुतं, पर बारकं.

"आगं, बाप्तिस्मा घिऊन संताला बुडवतीस?" मास्तराचा आवाज चिरकला. "फादरास्नी सांगतो. तुझं प्रार्थनेला येनंच बंद करतो!"

गोजाबाई पदरानं मूर्ती पुसाय लागली, तर पदरच पांढरा झाला. नवरा गेला हुता, आता सांजची ती एक चटई ऱ्हायली हुती, ती बी चालली.

फादर गोव्याकडचं. सनाच्या मिस्साला, म्हंजे मोठ्या उपासनेला, आगगाडीनं आलं हुतं. मास्तरानं भरल्या खोलीत मूर्ती त्यांच्या हातात दिली आनि गोजाबाईला म्होरं उभं केलं.

"का गं बाई?" फादरनी इचारलं.

"मानूस हरवलाय माझा."

फादरनी मूर्ती उलटी केली, सुलटी केली.

"माझी आई ह्याला दोरी बांधून हिरीत सोडायची," ते म्हनाले. "खाली डोकं, वर पाय. तिची म्हस हरवली की."

"मग? घावायची?"

"दरखेपी." फादरनी मूर्ती मास्तराकडं दिली. "ठेवा वेदीवर."

"असा? बिनबोटांचा?"

"लई चालला असंल, मास्तर. झिजली."

समदी खोली हसली. गोजाबाई मातर चटईवर जाऊन बसली आनि दाराकडं बघत ऱ्हायली. चटई वाचली, पर सिदू काय आला न्हाय.

आता अशी गोष्ट सोलापुरात ऱ्हातीय व्हय? मंगळवेढ्याचं ज्वारीच्या गाड्या घिऊन आलेलं गाडीवान ती गावी घिऊन गेले. एका बाईनं संत भिजत घातला म्हनं, हरभऱ्यावानी! मेंढरास्नी पानी पाजताना सिदूच्या कानावर गेलं. त्यानं नाव इचारलं न्हाय. अशी बाई एकच हाय, त्याला ठावं हुतं.

त्याच्या दुसऱ्या दिशी सांजच्या प्रार्थनेला बायका तोंडाला पदर लावून खुसखुसत हुत्या. दारात घोंगडं दिसलं.

"कोन हसतंय गं माझ्या बायकूला?" सिदू म्हनला. "त्ये काम माझं हाय."

गोजाबाईनं मागं वळून बघितलं न्हाय. नुसती चटईवर जरा सरकली. सिदू बसला. मास्तर नेमका त्या दिशी हरवलेल्या मेंढराचं वाचत हुता.

"मास्तर," सिदू म्हनला, "माझी समदी घरी हायती. मोजून आलोय."

"तुला कोन मेंढरांचं इचारतंय?" गोजाबाई पुटपुटली, आनि पदराआडनं तिनं फडक्यात बांधलेली भाकरी त्याच्या मांडीवर ठेवली. गरम हुती. रोज बांधून आनायची म्हना की.

फुडं सिदूनं कारखान्यातनं रंग आनला. तपकिरी न्हवता, लाल हुता. त्यात डिंक कालवून त्यानं झगा रंगवला, गोजाबाईनं मूर्ती धरली. तवापासनं आमचा अंतोनबाबा लालभडक. मास्तर अजून तोंड वाकडं करतो.

सालातनं एकदा-दोनदा त्या झग्याची खालची किनार फिकी पडती. खोली कोरडी, कौलं शाबूत; पानी कुटनं लागतं त्ये गोजाबाईच्या हंड्यालाच ठावं. मग सिदू रंग घिऊन येतो, गोजाबाई मूर्ती धरती, आनि दोघं दुपारभर भांडत बसत्यात.

तुमी तिकडं गेला, तर आत डोकवा. आनि अंतोनबाबाचं पाय वलं दिसलं, तर मास्तराला तेवढं सांगू नगा.