एकतिसावं पान

कॉलेजच्या जुन्या कागदांच्या खोलीत दप्तरीनं शिडीवरून गाठोडं खाली दिलं. काकांनी ते टेबलावर ठेवून गाठ सोडायला घेतली, पण ती सुटेना. दप्तरी खाली उतरला आणि एका हिसक्यात त्यानं ती सोडली.

"चाळीस वर्षं वकिली केली, पण साधी गाठ सुटत नाही बघ," काका म्हणाले.

"ही माझी गाठ आहे. दुसऱ्याला नाही सुटत," दप्तरी म्हणाला. हसला मात्र नाही.

फाइल बावन्न वर्षांपूर्वीची होती. काकांनी बोट ओलं करत एकेक पान उलटलं. एकोणतीस, तीस, बत्तीस. त्यांनी मागं जाऊन पुन्हा मोजलं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते आणि मुदत पाचची होती.

बाहेर मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर अकरा मुलं नऊ दिवस बसून होती. वसतिगृहाच्या गटाराकडच्या इमारतीत फक्त वस्तीतल्या मुलांनाच खोल्या का, एवढंच त्यांचं विचारणं होतं. काका इथं शिकत होते तेव्हा भांडण खाणावळीतल्या वेगळ्या बाकांचं होतं. कॉलेजनं औषध तेच काढलं होतं: माफीपत्रावर सही करा, नाहीतर नाव कमी. नाव कमी झालं की दुसरं कुठलं कॉलेज दारात उभं करणार नव्हतं. वस्तीत परत जायचं आणि आईबापांच्या हातातला झाडू घ्यायचा. तरी मुलं सही करायला तयार नव्हती. काकांनी कुठं केली होती?

केली होती. शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला, प्राचार्यांच्या खोलीत एकट्यानं. पुढच्या वर्षी नवे प्राचार्य आले, त्यांनी बाक एकत्र केले आणि श्रेय काकांच्या पदरात पडलं. त्या सहीमुळे पदवी मिळाली, पदवीमुळे वकिली, आणि वकिलीमुळे वस्तीतल्या माणसांच्या हक्कांचे खटले चाळीस वर्षं लढता आले. दर वर्षी बाक एकत्र झाल्याच्या तारखेला कॉलेज त्यांना भाषणाला बोलवी आणि ते येत. आपण सही केली नाही, असं ते स्वतः कधी बोलले नव्हते. बोलणाऱ्याला त्यांनी अडवलंही नव्हतं.

काल त्यांनी पायऱ्यांवर जाऊन खरं ते सांगून टाकलं होतं: मी सही केली होती, तुम्हीही करा. मुलांची पुढारी एक उंच मुलगी होती. सगळे तिला वकीलबाई म्हणत. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "काका, हे सांगायला पाठवण्याआधी प्राचार्यांनी किती वेळ बसवून ठेवलं होतं तुम्हाला?"

म्हणून आज त्या सहीचा कागद हवा होता.

"एकतीस नंबरचं पान?" काकांनी विचारलं.

दप्तरी गाठोड्याचं फडकं घडी करत राहिला.

"या खोलीतून चिटोरं हरवत नाही म्हणतोस ना?"

"हरवलं नाही. मी फाडलं."

काकांनी चष्मा काढला.

"पंधरा वर्षं झाली. पेपरचा बातमीदार आला होता, जुनी फाइल बघायला. मी आधी चाळली." दप्तरीनं फडक्याची आणखी एक घडी घातली. "माझी बहीण त्या खाणावळीत जेवली, काका. सगळ्यांच्या बाकावर बसून. झाकली मूठ राहू दे म्हटलं."

"मला तरी सांगायचंस."

"काय सांगणार? सांगितलं तर मला ठाऊक आहे, हे तुम्हाला कळलं असतं."

काकांनी फाइल मिटली. 

"चल," ते म्हणाले. "त्यांना सांग."

दप्तरी आला. पायऱ्यांपाशी उभा राहून त्यानं अडखळत सगळं सांगितलं: कागद कसा होता, शाई कसली होती, कुठल्या चुलीत घातला. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. वकीलबाईनं त्याला पाणी दिलं.

"मामा, निवृत्तीला किती राहिले?"

"चार महिने."

"मग बरोबर आहे, पेन्शन त्यांच्याच हातात," ती मायेनं म्हणाली. "आमचा राग नाही तुमच्यावर. ज्याचं जळतं त्याला कळतं."

"अगं पोरी, खरंच—"

"बसा काका. तुम्ही आलात, तेवढं पुरे."

तिनं सरकून जागा केली. काका बसले. त्यांना आणखी बोलायचं होतं, पण तोंडात आलेलं प्रत्येक वाक्य प्राचार्यांचं वाटत होतं.

पाचला पाच कमी असताना ऑफिसातला कारकून अकरा कागद घेऊन आला. एकेकासमोर त्यानं कागद धरला, एकेकानं मान हलवली. चार मिनिटांत काम उरकलं.

"सहीला नकार दिला, याला साक्षीदाराची सही लागते," कारकून म्हणाला. "कॉलेजबाहेरच्या माणसाची. काका, तुम्ही करता? नाहीतर समोरच्या दुकानदाराला बोलावतो."

"दुकानदार कशाला?" वकीलबाई म्हणाली. "काकाच करतील. उद्या कोर्टात गेलो तर काकांच्या सहीला वजन आहे."

असले कागद कोर्टात किती टिकतात, ते काकांनी चाळीस वर्षं पाहिलं होतं. अकरा चेहरे त्यांच्याकडे वळले होते. एकावरही शंका नव्हती. दप्तरी मान खाली घालून उभा होता.

काकांनी पहिला कागद गुडघ्यावर घेतला आणि सही केली.

कारकुनानं वाकून रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"इथं तारीख," तो म्हणाला, आणि दुसरा कागद पुढे केला.