एकशे सदतीस शुभेच्छुक

वाशीमला बसस्टँडजवळ माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. नाव प्रसेनजित. जिल्ह्यातल्या निम्म्या पुढाऱ्यांचे चेहरे मी गोरे केलेत. या धंद्याचं एकच शास्त्र मला पाठ आहे: मधला माणूस कितीही मोठा असू द्या, त्याच्याखाली शुभेच्छुकांचे पन्नास-साठ फोटो नसतील तर चौकात त्याला कुत्रं विचारत नाही. आणि ज्याचा फोटो आज आपण लावला, त्यानं उद्या आपला लावायचाच. नाही लावला तर तोंडं फुगतात, बोलणं बंद होतं. हे शहाणपण मी एका वेबसाइटला लावलं. सांगताना माझाच मला संताप येतो, तेव्हा मधेच आवाज चढला तर सोसून घ्या.

वेबसाइट गोमतीबाईंची. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर त्या आणि त्यांची सून सुकेशनी बंजारा भरतकाम करतात. कवड्या, आरसे, लाल-पिवळा दोरा. त्यातून पिशव्या आणि बटवे होतात. मुलगा राजपाल मशीनवर अस्तर शिवतो. दर दिवाळीला राजपाल आणि सुकेशनी ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरकडं जायचे, आणि त्यांची पोरगी रेणू त्यांच्याबरोबर. तिची शाळा अर्धं वर्ष इथं, अर्धं वर्ष कुठंच नाही. ती चौथीत गेली तरी तिला धड वाचता येत नव्हतं.

साइट मी हौसेनं बनवून दिली होती. वर्षभर तिच्याकडं कोणी फिरकलं नाही. मग नागपूरच्या एक बाई तांड्यावर आल्या. कापडावरच्या कलांवर त्या लिहितात. दोन दिवस गोमतीबाईंच्या शेजारी बसून टाका कसा पडतो ते बघितलं, आपल्या साइटवर मोठा लेख लिहिला आणि त्यात आमची लिंक दिली. कोणी सांगितलं नव्हतं, मागितलं नव्हतं. दोन महिन्यांत पुण्याची, बेंगळुरूची माणसं शोधत शोधत आमच्यापर्यंत यायला लागली. ऑर्डरी एवढ्या वाढल्या, की जूनमध्ये राजपालनं ऊसतोडीच्या मुकादमाला सांगून टाकलं, या साली आम्ही येत नाही. रेणूला पहिल्यांदाच अख्खं वर्ष एका बाकावर बसायला मिळणार होतं.

इथं मी थांबायला पाहिजे होतं. पण एका लिंकनं एवढं होतं, तर शंभरांनी काय होईल, असं माझ्या फ्लेक्सवाल्या डोक्यात आलं. जिल्ह्यातल्या साइटवाल्यांचा आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. सगळ्यांना म्हटलं, तुम्ही आमची लावा, आम्ही तुमची लावतो. लोक तयारच होते. दीड महिन्यात गोमतीबाईंच्या पानाखाली ‘आमचे शुभेच्छुक’ म्हणून एकशे सदतीस नावं लिंकसकट चढली. मंगल कार्यालयं, सिमेंटवाले, झटपट कर्जवाले, ज्योतिषी, टकलावर केस उगवणारं तेल. नुसती खोगीरभरती. मला मात्र ती बघून छाती फुगल्यासारखं वाटायचं.

नागपूरच्या बाईंनाही मी लिहिलं. तुमचं नाव आम्ही लावलंय, आता आमच्या ग्रुपमधली चाळीस नावं तुम्ही लावा. त्यांनी नम्रपणे कळवलं, की काम आवडलं म्हणून मी लिहिलं, अशा याद्या मी लावत नाही. मला राग आला. एकशे सदतीस माणसं माझ्या पाठीशी असताना ही एक बाई एवढा भाव खाते? मी उलट लिहिलं, मग आमचंही नाव काढून टाका. त्यांनी संध्याकाळपर्यंत काढलं.

सप्टेंबरात साइट गूगलवरून गायब झाली. पहिल्या पानावर नाही, दहाव्यावर नाही. गूगलची एक इंग्रजी नोटीस आली होती, ती माझ्या बायकोनं, धम्मदीपानं, वाचून सांगितली. ठरवून एकमेकांची लावलेली नावं ही फसवणूक धरली होती. ती सगळी काढा आणि फेरविचाराचा अर्ज करा, असं होतं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “एका बाईनं मनापासून नाव घेतलं होतं, तिलेच तुमी हाकललं.” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

आमच्या पानावरची यादी पुसायला एक मिनिट लागलं. दुसऱ्यांच्या साइटवरून आमचं नाव काढायचं म्हणजे दारोदार फिरणं आलं. निम्म्यांना आपल्याच साइटचा पासवर्ड माहीत नव्हता. बाकीचे रागावले. मंडपवाले पंजाबराव माझ्याकडून दरसाल वाढदिवसाचा फ्लेक्स छापून घ्यायचे. त्यांनी चहासुद्धा विचारला नाही. “आमचं नाव काढून राह्यले, आता तुमचं बी आमच्याकडून काढा म्हनता. आमच्यात काय खोट निंगाली, ते तं सांगा,” म्हणाले. पाया पडून, समजावून सत्तर-ऐंशी ठिकाणची नावं निघाली. उरलेल्यांची यादी जोडून अर्ज धाडला. नागपूरच्या बाईंना माफीचे तीन मेल केले. उत्तर आलं नाही आणि त्यांनी ते का द्यावं?

दसरा गेला. ऑर्डर एकही नाही. गोमतीबाई तांड्यावरून दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या. त्या शिव्या देतील तर बरं, असं मला वाटत होतं. त्यांनी फक्त विचारलं, की आणखी किती दिवस लागतील. मी खरं सांगितलं, की माहीत नाही. त्या मशीनमधून बाहेर येणारा कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बघत राहिल्या.

“पोरा, मुकादम परवा गाडी आनून राह्यला,” त्या म्हणाल्या. “राजपालले थांब म्हनलं असतं. पन खायाचं काय?”

रेणूला मागं ठेवा, मी म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. माझ्यासारख्या म्हातारीला रात्री दिसत नाही, पोरीला सांभाळणार कोण? गाडी गेली त्या दिवशी मी तांड्यावर गेलो नाही. जायची हिंमत झाली नाही, हेच खरं.

जानेवारीच्या शेवटी उत्तर आलं. अर्ज मंजूर, बंदी उठली. आणि आठवड्याभरात हैदराबादहून एका दुकानदाराचा मेल आला, चाळीस पिशव्या हव्यात, महिन्याभरात, काम आवडलं तर दर महिन्याला चाळीस. एवढी मोठी मागणी त्या घरानं कधी बघितली नव्हती, आणि एकट्या गोमतीबाईंच्यानं ती होणारी नव्हती. मी सुकेशनीला फोन लावला. ती उसाच्या फडात होती. मी भडाभडा सगळं सांगितलं, की राजपालला घेऊन निघ, मुकादमाशी मी बोलतो, येण्याजाण्याचं मी बघतो.

“भाऊ,” ती म्हणाली, “हातं फुटले. बोटं मिटत नाहीत. परवा रेनूचा फ्राक शिवाले बसली, तं सुई धरता नाही आली.”

मग पोरीला तरी पाठव, शाळेत बसू दे, मी म्हटलं.

“तिच्या हातातबी आता कोयता हाय,” सुकेशनी म्हणाली आणि मोळ्या बांधायच्या राहिल्यात म्हणून तिनं फोन ठेवला.

हैदराबादला काय कळवायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.