राणीची जागा

मित्रांनो, मी एक जुना कॅरम बोर्ड आहे. कपाटामागे भिंतीला टेकून उभा आहे. माझ्या चौकटीला खिळ्यांची चार भोकं आहेत आणि पाण्याने माझं पोट फुगलं आहे. नाक मुरडू नका, मी असा जन्मलो नव्हतो.

मला एका सुताराने आपल्या लेकीसाठी बनवलं. तिला सगळे बिट्टी म्हणत. दुकानातले बोर्ड चाचपून तो म्हणाला, "याहून बरा मी झोपेत करीन." आणि केलाही! संध्याकाळची जेवणं आटोपली की बापलेक समोरासमोर बसत. बिट्टी हरायला लागली की तिला हमखास तहान लागायची. सुतार पाणी आणायला उठे, तेवढ्यात एखादी सोंगटी जागा बदले. त्याला ते कळायचं, पण तो बघून न बघितल्यासारखं करायचा.

मग लढाई सुरू झाली. फौजेला पूल बांधायला सुतार हवे होते. त्याला न्यायला ट्रक आला तेव्हा डाव रंगात होता. एक पांढरी, एक काळी आणि राणी एवढंच उरलं होतं. त्याने कानावरची पेन्सिल काढून तिघींभोवती बारीक वर्तुळं काढली.

"डाव मोडायचा नाही. आलो की इथूनच पुढे. पाळी माझी."

"माझी!" बिट्टी म्हणाली.

"आल्यावर भांडू. पण सांभाळशील ना?"

"गळ्याशप्पथ!"

चार महिने मी टेबलावर चादरीखाली होतो. बिट्टी सोंगट्यांना धक्का न लावता माझी धूळ झटकायची. मला तिचा केवढा अभिमान होता!

एके दिवशी जवळच बॉम्ब पडला आणि गल्लीकडच्या खिडकीची काच फुटली. विमानांना घर दिसू नये म्हणून तिथे लावलेला काळा कागद पावसात फाटायचा आणि दिव्याचा उजेड बाहेर दिसायचा. तिसऱ्यांदा गस्तीवरचा वॉर्डन ओरडला, "बाई, तुमच्या एका दिव्यापायी अख्खी गल्ली जाईल!" बिट्टीच्या आईने घरभर नजर फिरवली. माझं आणि त्या खिडकीचं माप नेमकं जुळलं.

मला वाटलं, बिट्टी आडवी येईल. तिने सोंगट्या डब्यात भरल्या आणि आईच्या हातात एकेक खिळा दिला.

"गुळगुळीत बाजू बाहेर राहू दे," आई म्हणाली. "पाणी ओघळून जाईल."

खिळ्यांचं मी मनाला लावून घेतलं नाही. लढाईत सगळ्यांनीच काही ना काही सोसलं. माझा राग आहे तो पत्रांवर. सुताराच्या प्रत्येक पत्रात शेवटी एक ओळ असायची, 'राणी जागेवर आहे ना?' आई उत्तर मोठ्याने म्हणत लिहायची, "आहे. कुणी हात लावत नाही." बिट्टी पाकीट चिकटवायची. "उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला?" असं आई म्हणे. माझ्याच पाठीमागे बसून तीन वर्षं हे चाललं होतं आणि मी तोंडावर पाऊस झेलत ऐकत होतो.

लढाई संपल्यावर एका दुपारी सुतार जवळची वाट म्हणून गल्लीतून आला. घराचं दार पलीकडच्या बाजूला होतं. त्यामुळे त्याला आधी मी दिसलो. त्याने पिशवी खाली ठेवली. माझ्या अंगावरून बोट फिरवत तो वर्तुळं शोधू लागला. दोन केव्हाच धुऊन गेली होती. राणीचं पुसट उरलं होतं. त्यावर त्याचं बोट बराच वेळ थांबलं. मला वाटलं, आता न्याय होणार.

तो आत गेला. रडणं, हसणं, चहा सगळं झालं. मग तो म्हणाला, "काय गं, आपला डाव?"

आत कपबशी खणकली. मग बिट्टीचा बारीक आवाज आला, "आहे ना, बाबा. तसाच आहे."

"बरं," तो म्हणाला. "मग पाळी तुझी."

मित्रांनो, माझ्या बाजूने बोलेल असा एकच माणूस होता, तोही त्यांना सामील झाला. तुमच्यावरही कधी शब्द मोडायची वेळ येईल. अडचण असली तर खुशाल मोडा, पण तसं पत्रात लिहा. आणि मला एकदा सावलीत वाळवून टेबलावर ठेवा. राणीची जागा अजून दिसते.