झाडूगाडीचा संशय

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे. एवढे वाचून तुमच्यापैकी निम्म्यांनी पान उलटले असेल, अशी मला शंका आहे. रागावू नका. शंका घेणे हा माझा स्वभावच आहे. तो मला कसा जडला, ते आधी सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या मागेपुढे माझ्यासारख्याच शेकडो बहिणी रांगेत उभ्या होत्या. कुणाला रुग्णवाहिका होण्याचा मान मिळाला, कुणी टपाल वाहू लागली. मला धुलाईचा धंदा करणाऱ्या एका मालकांनी नेले. इस्पितळांच्या मळक्या चादरी आणायच्या आणि धुतलेल्या परत पोचवायच्या, हे माझे काम. मालक मोठे संशयी. शंभर चादरी निघतात तर उतरताना अठ्ठ्याण्णवच कशा, या प्रश्नाने त्यांना घास गोड लागत नसे. त्यांनी माझी सीट उचलून पाहिली, छताचे अस्तर चाचपून पाहिले, एकदा तर चालकाच्या जेवणाच्या डब्यात डोकावले. अशा माणसाच्या हाताखाली अकरा वर्षे काढल्यावर माझा स्वभाव सरळ राहील तरी कसा?

पुढे धंदा बसला. मला एका गॅरेजच्या मागे उभे केले आणि सगळे विसरून गेले. दोन वर्षे माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिले नाही. एका मांजरीने माझ्यात चार पिल्ले घातली, तेवढीच काय ती सोबत. त्या दोन वर्षांत माझा स्टार्टर पार गंजला. किल्ली फिरवली की मी नुसती खाकरत असे. कधी सुरू होई, कधी नाही.

मग एक दिवस सायकल मंडळाची माणसे आली. गावच्या मुलांच्या इस्पितळाला एक नवा कक्ष हवा होता. त्यासाठी हे मंडळ दरवर्षी पाच दिवसांची सायकलफेरी काढत असे. चाळीस हौशी माणसे, कुणी शिक्षक, कुणी न्हावी, कुणी बँकेतली, रोज साठ-सत्तर किलोमीटर सायकल मारत आणि ओळखीपाळखीचे लोक त्यांच्या नावाने देणगी देत. या सगळ्यांच्या मागून जायला त्यांना एक गाडी हवी होती. त्यांनी मला रंग दिला, नवी बॅटरी बसवली आणि माझ्या पाठीवर एक खराटा बांधला. मागे राहिलेल्यांना गोळा करणारी म्हणून माझे नाव पडले झाडूगाडी. मला त्याचा अभिमान वाटला, खोटे कशाला बोलू! स्टार्टर मात्र तसाच राहिला.

माझे चालक म्हणजे सगळ्यांचे मामा. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. बिनतिकीट माणूस चेहऱ्यावरून ओळखतो, असे ते छातीठोकपणे सांगत. आमचे गोत्र लगेच जुळले. स्टार्टरची भीती असल्यामुळे मामांनी एक सवय लावून घेतली. सकाळी एकदा मी सुरू झाले की मुक्काम येईपर्यंत मला बंदच करायचे नाही. ते खाली उतरून कुणाची साखळी बसवत, कुणाच्या गुडघ्याला मलम लावत, आणि मी आपली रस्त्याच्या कडेला घरघरत उभी.

फेरीचा एक नियम होता. प्रत्येक स्वाराकडे आपल्या क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला असे. दुपारच्या थांब्यावर चाळीस खिळ्यांची एक फळी टांगलेली असायची. पोचल्याबरोबर बिल्ला आपल्या खिळ्यावर अडकवायचा. एकच्या ठोक्याला ज्याचा खिळा रिकामा, त्याने उरलेल्या दिवसापुरते माझ्यात बसायचे आणि पाठीवरचा क्रमांक उतरवून मामांच्या हाती द्यायचा. त्याची फेरी तिथे अपुरी राहिली. म्हणूनच मला पाहून लोक हसत, पण माझ्या दारापासून लांब राहत.

त्या वर्षी फेरीत एक नणंद-भावजय होत्या. नणंद शाळेत खेळ शिकवायची. सडपातळ, वाऱ्यासारखी पुढे जाणारी. भावजय बेकरीत काम करायची आणि सायकल शिकून तिला जेमतेम वर्ष झाले होते. नणंद तिला वहिनी म्हणे, म्हणून सगळेच म्हणू लागले. वहिनींची सात वर्षांची मुलगी त्याच इस्पितळात चार महिने होती आणि बरी होऊन घरी आली होती. निघताना वहिनींनी लेकीला शब्द दिला होता, की सगळा रस्ता मी स्वतः सायकलवर पुरा करीन, एकदासुद्धा गाडीत बसणार नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मामांना हे सांगितले.

मामा मला म्हणाले, "एवढं आधीच कशाला सांगते ही? कुठेतरी पाणी मुरतंय."

मलाही तसेच वाटले.

पहिल्या दिवशी वहिनी सर्वांत मागे होत्या. बिल्ला लागला तेव्हा एक वाजायला दोन मिनिटे होती. दुसऱ्या दिवशी चढावर त्या सायकल हातात धरून चालताना दिसल्या. मग एका बँकवाल्याचे चाक वाकले आणि आम्ही तासभर अडकलो. वहिनी दिसेनाशा झाल्या. माझ्या हिशेबाने त्या एकपर्यंत पोचणे शक्यच नव्हते. आम्ही थांब्यावर गेलो तर त्यांच्या खिळ्यावर बिल्ला! मामांनी बिल्ला हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

तिसऱ्या दिवशी आमच्या संशयाला तोंड फुटले. एका वळणावर भाजीचा रिकामा टेम्पो उभा होता. वहिनींची सायकल त्याला टेकलेली होती आणि वहिनी टेम्पोवाल्याशी हसतहसत बोलत काकडी खात होत्या. आम्हाला पाहताच त्यांनी काकडी घाईघाईने खिशात कोंबली आणि सायकलवर टांग मारली. पुढे माझ्या रेडिएटरमध्ये पाणी भरायला आम्ही थांबलो, तेव्हा तोच टेम्पो आम्हाला ओलांडून गेला. थांब्यावर पुन्हा त्यांचा बिल्ला लागलेला.

"कळलं का झाडूबाई?" मामांनी माझ्या स्टिअरिंगवर थाप मारली. "बाईसाहेब टेम्पोनं येतात. लेकीला शब्द म्हणे!"

मी हॉर्न देऊन दुजोरा दिला. मित्रांनो, मला त्या दिवशी फार बरे वाटले. आपली शंका खरी ठरते आहे असे दिसले की मनाला एक वाईट प्रकारची गुदगुली होते.

चौथ्या दिवशी मोठा घाट उतरायचा होता. माथ्यावर एकाचा ब्रेक निकामी झाला. तो बसवेपर्यंत वहिनी पुढे गेल्या. ब्रेकवाला पुढे सुटला आणि त्याच्या मागून आम्ही निघालो. अर्ध्या उतारावर, एका वळणाशी, रस्त्याच्या मधोमध एक लाल बाटली पडली होती. ती वहिनींची होती. मामा उतरले. त्यांनी बाटली उचलली, कडेच्या कठड्याकडे एक नजर टाकली, रस्ता खाली दूरवर पाहिला. मी घरघरत उभी होते.

खरे म्हणजे तो उतार होता. तिथे मला बंद केले असते तरी चालले असते. ब्रेक सोडून गडगडत गेले की स्टार्टरवाचूनही मी सुरू होते. पण सवय ती सवय.

"चढताना पडलेली दिसते," मामा आत येत म्हणाले. "टेम्पो इथंच थांबला असणार." त्यांच्या आवाजात समाधान होते. माझ्याही मनात तेच होते. आम्ही निघून गेलो.

थांब्यावर चाळीस खिळ्यांवर चाळीस बिल्ले होते. मामा बाटली घेऊन थेट नणंदेकडे गेले. आजूबाजूला माणसे होती आणि त्यांना ऐकू जावे, असेच मामा बोलले.

"तुमच्या वहिनींना सांगा, टेम्पोत चढताना सामान सांभाळत जा म्हणावं."

"कुठला टेम्पो?" नणंद गोंधळली. "मामा, वहिनी कुठायत? तुमच्या पुढेच असतील ना?"

"माझ्या पुढे कोण? त्या तर केव्हाच पोचल्यात. हा काय त्यांचा बिल्ला."

नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला. "तो मी लावलाय," ती म्हणाली. "तीन दिवस मीच लावतेय. त्यांना उशीर होतो म्हणून... मामा, त्या आल्याच नाहीयेत."

मामांच्या हातातली बाटली खाली पडली.

खोटेपणा होता, मित्रांनो. मला त्याचा वास बरोबर आला होता. पण तो प्रेमापोटी केलेला होता, आणि मी शोधत होते तो नव्हताच. वहिनी रोज उशिरा का होईना, स्वतःच्या पायांनी येत होत्या. माझ्या संशयाने मला एक तयार उत्तर दिले आणि मी रस्ता बघायचे सोडून ते उत्तर बघत बसले.

मी त्या घाटात इतक्या वेगाने पूर्वी कधीच चढले नव्हते. नणंद पुढच्या सीटवर बसून "अजून जोरात, मामा, अजून जोरात" एवढेच म्हणत होती. वळण आले. मामांनी किल्ली फिरवली आणि मला बंद केले. घाट एकदम शांत झाला. मग कठड्याच्या खालून, झुडपांतून, एक बारीक आवाज आला.

"ओ मामा..."

वहिनी खड्ड्यात पडल्या होत्या. गळ्याजवळचे हाड मोडले होते आणि पाय सायकलखाली अडकला होता. सव्वा तास त्या उन्हात होत्या. दोघांनी त्यांना उचलून माझ्यात आणले आणि चादरीवर निजवले. नणंद हुंदके देत होती.

"चुकलं माझं, वहिनी."

"बिल्ला मीच दिला होता ना तुला?" वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी मामांकडे पाहिले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तेच सहन होत नव्हते. "मामा, मघाशी तुम्ही थांबला होतात. इंजिन ऐकू येत होतं मला. मी चार हाका मारल्या. मला वाटलं, आता उतरतील. मग आवाज लांब लांब गेला."

  त्या चार हाका माझ्या घरघरीखाली गेल्या होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःच्या आवाजाची लाज वाटली.

वहिनींनी धड हाताने पाठीवरचा क्रमांक ओढून काढला आणि मामांपुढे धरला. "घ्या. नियम आहे." मामा घेईनात. शेवटी तो त्यांनी मामांच्या मांडीवर ठेवला.

पाचव्या दिवशी हात गळ्यात बांधून वहिनी माझ्यातच बसून शेवटच्या गावी आल्या. तिथे लेक वाट पाहत होती. वहिनींनी तिच्यापासून काही लपवले नाही. "सगळा रस्ता नाही गं झाला. शेवटी गाडीत बसले."

मुलीने आईचा हात पाहिला, मग मामांना विचारले, "तुम्ही आणलंत आईला?"

"आणलं, बाळा," मामा म्हणाले. "पण उशिरा आणलं."

आता थांब्यावर फळी नसते. प्रत्येक स्वार मामांसमोर उभा राहून स्वतःच्या तोंडाने नाव सांगतो. मंडळाने माझा स्टार्टरही बदलला आहे. तो आधी बदलला असता तर, हे मी रोज म्हणते आणि त्याचा काही उपयोग नसतो. तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू कुरकुरत असेल, तर ती आज दुरुस्त करा. तिच्या कुरकुरीची सवय लावून घेऊ नका.

माझा स्वभाव मात्र गेलेला नाही. तुमच्याविषयीसुद्धा मला एक शंका आहे. वर्गात हजेरी घेताना न आलेल्या मैत्रिणीच्या नावाला तुम्ही प्रेमाने "हजर" म्हणत असाल. किंवा कुणी आले नाही की, "मुद्दाम बुडवली असेल शाळा," असे हसून म्हणत असाल. तसे म्हणण्याआधी तिच्या घरी जा, दार वाजवा, तिला हाक मारा. मग तुम्ही गप्प व्हा, आणि आतून आवाज येईपर्यंत तिथून हलू नका.