वीतभर वरची रेघ

आमच्या गल्लीत पूर ओसरला की घरोघर भिंतीवर पाण्याची रेघ ओढतात. पुढच्या वेळी सामान तिच्या वर चढवायचं, म्हणून. सगळ्यांच्या रेघा ओढायचे आमचे हे. पाट्या रंगवणारा माणूस, हात कसा सरळ! पण स्वतःच्या घरात मात्र रेघ वीतभर वर ओढून ठेवली.

"अहो, पाणी माझ्या कमरेला होतं. हे काय भलतंच?"

"असू दे," म्हणाले. बस्स! वीस वर्षं मी त्या रेघेवरून भांडले, पाहुण्यांसमोरसुद्धा. हे आपले मिशीतल्या मिशीत हसायचे.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. यांचे शर्ट मी न धुता ट्रंकेत ठेवलेत. रंगाचा, घामाचा, यांचा वास आहे त्यांना. लेक म्हणते, आई, वेडी आहेस. आहे, मग?

परवा दुपारी भोंगा वाजला. वादळ येतंय, घरं रिकामी करा. गाडीत माणसांनाच जागा नव्हती, ट्रंक कुठली नेणार! शिलाई मशीन, गाद्या, ट्रंक, सगळं मी कमरेच्या जरा वरच्या फळीवर रचलं. पाणी कुठवर येतं ते मला का ठाऊक नाही? दारापर्यंत गेले आणि पाय निघेना. लेकीला म्हटलं, "हात लाव. ट्रंक रेघेच्या वर ठेवू. शर्ट त्यांचे आहेत, त्यांच्या मनासारखं होऊ दे."

तिसऱ्या दिवशी परतलो. मशीन चिखलानं भरलेलं, गाद्यांचा लगदा. भिंतीवरची ओल रेघेच्या चारच बोटं खाली थांबलेली. ट्रंक कोरडी ठणठणीत.

झाकण उघडलं, शर्टात तोंड खुपसलं. "अहो, पुढचं पाणी मोजून ठेवलं होतंत, तर सांगायचं तरी!" सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं थोडंच. आज कितीही ऐकेन, पण सांगायला माणूस कुठाय?

लेक यांचाच ब्रश घेऊन आली आणि ओलीच्या काठाला टेकवला.

"वर घे. जुन्या रेघेच्याही वर, वीतभर."

"आई, पाणी इथंवरच होतं! उगाच काय?"

"असू दे," मी म्हटलं.

ती भांडायला लागली, अगदी माझ्यासारखी. यांना तेव्हा हसू कसं यायचं कोण जाणे. मला तर रडूच कोसळलं.